बिनकाचेची अभ्यासिका

आमच्या घराचा स्लॅब पडला त्या दिवशी वडिलांनी कारखान्यातून सुट्टी काढली होती. एरवी ते अंगात ताप असला तरी सुट्टी काढत नसत. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात ते फिटर होते. सकाळी कॉलनीच्या कोपऱ्यावर बस यायची आणि ते डबा घेऊन तिच्यात बसायचे, ते संध्याकाळी उतरायचे. त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून ते रस्त्यात उभे होते. मिक्सर धडधडत होता, घमेली हातोहात वर चालली होती आणि शेजारच्या बायका आमच्या ओट्यावर मोठ्या पातेल्यात शिरा करत होत्या. जणू घरात लग्न होतं. काम संपल्यावर वडील खाली आले, मान वर करून लाकडाच्या फळ्यांकडे बघत राहिले आणि आईला म्हणाले, "आता पावसात भांडी मांडायला नको."

वडिलांचा जन्म निफाडकडच्या एका गावात, गावकुसाबाहेरच्या मातीच्या घरात झाला. दर पावसाळ्यात त्या घराची एखादी भिंत बसायची. नाशिकला आल्यावर पत्र्याची खोली, आणि कितीतरी वर्षांनी हा स्लॅब. आपल्या डोक्यावर काँक्रीट आहे, हे त्यांच्या दृष्टीने नुसतं बांधकाम नव्हतं. पाहुणे आले की ते भिंतीवर हाताची मूठ आपटून दाखवायचे. "पक्कं हाय," म्हणायचे.

मग मार्च आला, एप्रिल आला. दिवसभर ऊन पिऊन तो स्लॅब रात्रभर ते आमच्यावर ओकायचा. पत्रा निदान सूर्य मावळला की गार व्हायचा, याला तेवढीही माणुसकी नव्हती. आई संध्याकाळी गच्चीत बादल्या ओतायची तेव्हा पाणी चर्र वाजायचं. मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन गणितं सोडवायची आणि वहीवर थेंब पडून शाई पसरायची.

"एवढं का तापतं आपलं घर?" मी एकदा वडिलांना विचारलं.

"उन्हाळाय. तापणारच."

मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. पुढे मी जे काही केलं ते या एका न पटलेल्या उत्तरामुळे.

आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा कॉलनीत त्या शब्दाचा नीट उच्चार करणारं कोणी नव्हतं. आई सगळ्यांना सांगायची, "पोरगी घरांचे नकाशे काढायला शिकतीय." कॉलेजात माझ्या वर्गातल्या बहुतेकांची घरं कोणत्या तरी आर्किटेक्टने काढलेली होती. माझं घर वडिलांनी आणि गवंड्याने रस्त्यावर खडूने रेघा मारून ठरवलं होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आम्हाला पेठ तालुक्याच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर नेलं. कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंती. आमचे सर भारावून गेले होते. "बघा, किती सुंदर! किती साधं! यांना सिमेंटची गरजच नाही. तुम्ही लोकांनी हे जपायला पाहिजे." सगळे भराभर फोटो काढत होते. ज्या घरासमोर आम्ही उभे होतो तिथली बाई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिचा नवरा मजुरीला द्राक्षांच्या बागांकडे गेला होता. तिच्या घराची मागची भिंत ओलीने फुगलेली होती आणि तिला बांबूचा टेकू दिला होता. त्या भिंतीचा फोटो मात्र कोणी काढला नाही.

मी हात वर केला. "सर, यांना हेच घर हवंय का, ते आपण विचारलं का?"

सर हसले. "हा रोमँटिक प्रश्न आहे."

"नाही सर. रोमँटिक तुम्ही बोललात. मी साधा प्रश्न विचारला."

वर्गात खसखस पिकली. सरांनी विषय बदलला. जेवायला बसलो तेव्हा एका मैत्रिणीने माझा हात दाबला आणि म्हणाली, "कशाला वाकड्यात जातेस?" मी म्हटलं, मी वाकड्यात नाही, मी सरळच विचारलं. त्या दिवशी घरात आत गेल्यावर लागणारा गारवाही मी अनुभवला होता, हे मात्र खरं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्या कुडाच्या भिंतीआड हायसं वाटत होतं. भिंत श्वास घेते, छपराखाली वारा फिरतो, पडवीची सावली पडते. हे शिकायलाच हवं होतं. पण शिकायचं म्हणजे त्या बाईला जन्मभर शेण सारवायला लावायचं, असा त्याचा अर्थ का व्हावा?

पदवी घेऊन मी गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या ऑफिसात लागले. तिथे सगळं उलटं होतं. तिथे मातीचं नाव नव्हतं, तिथे काच होती. पश्चिमेला तोंड असलेल्या एका ऑफिसांच्या इमारतीचं काम माझ्याकडे आलं. वरपासून खालपर्यंत निळी काच, उघडणारी खिडकी एकही नाही. मी छज्जे काढले, उभ्या पट्ट्या काढल्या, दुपारचं ऊन कुठवर आत येतं त्याची चित्रं काढली. साहेबांनी ती चित्रं बाजूला सरकवली.

"क्लायंटला दुबई पाहिजे."

"सर, दुबईलाही ऊनच आहे."

"एसी असतो ना," ते म्हणाले, आणि माझे छज्जे गेले.

इमारत उभी राहिली. उद्घाटनाला मी गेले नाही. एका एप्रिलमध्ये सहज तिकडून जाताना मान वर केली आणि मला रस्त्यात उभं राहून हसू फुटलं. जवळजवळ प्रत्येक मजल्यावर लोकांनी आतून काचेला वर्तमानपत्रं चिकटवली होती. कुठे कॅलेंडरची पानं, कुठे थर्माकोल, कुठे कोणत्या तरी क्लासची जाहिरात उलटी लावलेली. एवढ्या थाटाची काच आणि तिला रद्दीने झाकलेलं.

त्यानंतर तसाच दुसरा एक क्लायंट आला. मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले होते, पडद्यावर निळी इमारत झळकत होती आणि साहेब सांगत होते की काचेने प्रतिष्ठा येते. क्लायंटने माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, तुमचं काय मत?"

"काच छान दिसेल," मी म्हटलं. "पहिल्या उन्हाळ्यापर्यंत. मग आतले लोक पेपर चिकटवतील. खोटं वाटत असेल तर इथून गाडीने चला, मी दाखवते."

क्लायंट माझ्याबरोबर आला नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुला समाजसेवा करायची असेल तर बाहेर कर." मी त्याच दिवशी माझी पट्टी, रंगाच्या पेन्सिली आणि चहाचा कप पिशवीत भरला. रिक्षात बसले तेव्हा नुसता राग होता. भीती नंतर आली, घरी आईला सांगताना.

वडील तेव्हा निवृत्त झाले होते. ते एवढंच म्हणाले, "नोकरी अशी सोडतात का?"

"अशीच सोडतात," मी म्हटलं.

घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून मी स्वतःचं काम सुरू केलं. पहिली काही वर्षं कंपाउंडच्या भिंती, जिने आणि संडास. मुंबईचे एक गृहस्थ विंचूरकडे द्राक्षांच्या शेतात मातीचं फार्महाउस मागायला आले. "एकदम गावरान पाहिजे," म्हणाले, "पण बेडरूमला एसी." ते काम मी केलं नाही. माती ही हौस म्हणून विकत घेणारे आणि काच ही इज्जत म्हणून विकणारे, मला दोघेही एकाच माळेचे मणी वाटायला लागले होते. उन्हात जो खरोखर भाजतो त्याच्यासाठी दोघांकडेही काही नव्हतं.

मग आमच्या कॉलनीत अभ्यासिका बांधायचं ठरलं.

बुद्धविहाराला लागून पत्र्याची एक लांबट खोली होती. स्पर्धा परीक्षा देणारी मुलंमुली तिथे दिवसभर बसायची. पोलीस भरती, तलाठी, बँक, नर्सिंग. एप्रिल लागला की दुपारी ती खोली रिकामी व्हायची. काही जण उड्डाणपुलाखाली सावलीत पुस्तकं घेऊन बसायचे, काही मुली मॉलमध्ये जाऊन एका चहावर दुपार काढायच्या, वॉचमन उठवेपर्यंत. खोलीच्या मागून नाला जातो. पावसाळ्यात गोदावरी फुगली की नाला उलटा चढतो आणि आमच्या गल्ल्यांमध्ये येतो. वर्षाआड पत्र्याच्या खोलीतली पुस्तकं भिजायची.

नगरसेवकाच्या निधीतून नवीन इमारत मंजूर झाली आणि रविवारी वंदना झाल्यावर विहारातच सतरंजीवर कमिटीची बैठक बसली. वडील कमिटीवर होते. नगरसेवकाच्या ठेकेदाराने एक रंगीत चित्र पाठवलं होतं. मी ते बघितलं आणि डोक्याला हात लावला. तीच निळी काच. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. खाली भाड्याने द्यायचे गाळे, वर बंद हॉल.

"एकदम मॉलसारखं," कमिटीचे अध्यक्ष कौतुकाने म्हणाले. ते वडिलांचे कारखान्यातले जुने सोबती, आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

मी माझे कागद सतरंजीवर पसरले. खालचा मजला मोकळा, नुसते खांब, म्हणजे नाल्याचं पाणी येईल तसं जाईल. हॉल वर. पश्चिमेची भिंत दुहेरी, मध्ये पोकळी. उत्तरेकडून उजेड. विटांची जाळी, तिच्यातून वारा. स्लॅबच्या वर हातभर अंतर सोडून दुसरं हलकं छप्पर, म्हणजे ऊन आधी त्याच्यावर पडेल.

मग वडील बोलले, आणि ते माझ्याशी नव्हे, सगळ्यांशी बोलल्यासारखे बोलले.

"वीट उघडी ठेवायची म्हणती. खाली भिंती नायत. लोक काय म्हणतील? पैसे संपले म्हणतील. साऱ्या नाशकात काचा लागल्यात, कॉलेज रोडला, गंगापूर रोडला. आपल्या पोरांनीच काय पाप केलंय? मातीतून निघायला आमची हयात गेली, आन् शिकलेली पोरगी म्हणती, परत खाली बसा."

माझे कान तापले. घरात ते मला काहीही बोलले असते, पण हे सगळ्यांसमोर होतं. उठून जावं असंही वाटलं. मी गेले नाही.

"बाबा, मी माती म्हटलंच नाही," मी म्हटलं. "सिमेंट आहे, लोखंड आहे, भट्टीची वीट आहे. मलाही मातीत परत जायचं नाही. पण एक सांगा, गार खोली ही कोणाची मिरासदारी आहे का? ज्यांच्याकडे एसी त्यांच्या पोरांनी दुपारी अभ्यास करायचा आणि आपल्या पोरांनी पुलाखाली बसायचं? ती काच लावली की आत फक्त एसीवर बसता येतं. लाइट गेली की बाहेर. मला अशी खोली बांधायची आहे की जी लाइट गेल्यावरही आपली राहील. यात खाली बसणं कुठे आलं?"

"चित्र बघून थोडंच गार वाटणार," मामा म्हणाले. लोक हसले. बैठक काही न ठरता उठली.

घरी वडील आणि मी एकाच ताटलीतली चटणी घेत होतो पण बोलत नव्हतो. आई दोघांकडे आळीपाळीने बघायची. शेवटी मला एक गोष्ट सुचली. माझ्या जुन्या ऑफिसने बांधलेल्या त्या निळ्या इमारतीत आमच्याच कॉलनीतला एक जण सिक्युरिटीला होता. मी त्याला विचारलं, रविवारी दुपारी आम्हाला वर सोडशील का? एका मजल्यावरचं ऑफिस रिकामं झालं होतं, भाडेकरू बघायला येतातच, तसं बघून जा म्हणाला.

पुढच्या रविवारी मी कमिटीला टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसवलं. सगळे ठेवणीतले कपडे घालून आले होते, जणू लग्नाला निघालो. काचेमागची रद्दी मामांच्या नजरेत आली नाही, इमारत बाहेरून बघून ते खूश झाले. "हे बघा, असं पाहिजे," म्हणाले. लिफ्टने वर गेलो. रविवार म्हणून एसी बंद होता.

दार उघडल्याबरोबर आतली हवा अंगावर आली, तंदूरचं झाकण काढल्यासारखी. तरी सगळे आत शिरले. मी मागे दार लोटून घेतलं. पश्चिमेचं ऊन अख्ख्या फरशीवर पसरलेलं. कोणीतरी खिडकी शोधायला लागलं. खिडकी नव्हती. एका काकांनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली. मामांच्या पांढऱ्या शर्टाला पाठीवर मोठा ओला डाग पडला. वडील सरळ काचेपाशी गेले आणि त्यांनी तिच्यावर तळहात टेकवला. फिटरचा हात, गरम लोखंडाची सवय असलेला. तो त्यांनी पटकन मागे घेतला.

"बसू या का जरा?" मी विचारलं. "अभ्यासाला बसल्यासारखे?"

"उघड पोरी दार," मामा म्हणाले. "जीव घेती का?"

खाली उतरून सगळ्यांनी उसाचा रस घेतला. कोणी काचेचं नाव काढलं नाही. परतीच्या वाटेवर वडील माझ्या शेजारी बसले होते. कॉलनी जवळ आली तसे म्हणाले, "वीट उघडी नाय ठेवायची. प्लास्टर करायचं. आन् पांढरा रंग."

"पांढरा चालेल," मी म्हटलं. "पांढरा ऊन परतवतो."

"ऊन परतवायला नाय सांगत मी. नीट दिसायला पायजे म्हणून सांगतो."

आमची तडजोड तेवढीच झाली, आणि ती चांगली झाली. कमिटीने माझे कागद मंजूर केले.

पण ठेकेदाराला काचेचं फार काही नव्हतं. त्याचा जीव गाळ्यांमध्ये होता. पाया झाला, खांब उभे राहिले, आणि एका सकाळी मी साइटवर गेले तर खांबांच्या मध्ये विटांच्या भिंती चढायला लागलेल्या. गुडघ्याएवढ्या झाल्यासुद्धा होत्या.

"हे काय आहे?"

"गाळे," तो म्हणाला. खुर्ची टाकून मोबाइल बघत होता. "वरून सांगितलंय."

"ड्रॉइंगमध्ये नाहीत. इथे पाणी येतं."

"मॅडम, कधीतरी येतं. त्याच्यासाठी एवढी जागा मोकळी सोडायची?"

"ड्रॉइंगप्रमाणे काम झालं, अशी सही मी करणार नाही."

तेव्हा त्याने मोबाइलमधून मान वर केली. "सही काय, कोणीही करतं."

"मग कोणाकडूनही घ्या. भिंत मात्र इथे उभी राहणार नाही."

बोलून तर गेले. पण भिंत कशी थांबवायची, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अर्ज दिला असता तर उत्तर यायच्या आत गाळ्यांना शटर लागलं असतं. मी हार्डवेअरच्या दुकानातून निळ्या ऑइलपेंटचा एक डबा आणि ब्रश आणला आणि नाल्याकाठच्या पहिल्या घराचं दार वाजवलं. "मावशी, मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" मावशीने भिंतीवर बोट ठेवलं. मी तिथे रेघ मारली. दुसऱ्या घरी गेले. तिथल्या सुनेने सांगितलं, सासूने ते खोडून अजून वर दाखवलं, दोघींची जुंपली, शेवटी शेजारणीने निकाल दिला. तिसऱ्या घरापर्यंत बायका माझ्या हातातून ब्रश घ्यायला लागल्या होत्या. कोणी फ्रिज तरंगल्याचं सांगत होतं, कोणी लग्नाचा अल्बम गेल्याचं. गल्लीच्या गल्ली निळी रेघ पुढे सरकत गेली, एका उंचीवर, या भिंतीवरून त्या भिंतीवर. दुपारी ती साइटवर पोचली आणि बायकांनी ती खांबांवर ओढली. ठेकेदार उभा राहिला तेव्हा रेघ त्याच्या छातीशी आली.

तोवर माणसं जमली होती. वडीलही आले होते. त्यांनी रेघेकडे बघितलं, गुडघ्याएवढ्या भिंतीकडे बघितलं.

"ह्या भिंतीला पाणी अडलं तर जाणार कुठं?" त्यांनी ठेकेदाराला विचारलं.



"आमच्या घरात जाणार," मागून एक बाई ओरडली. "दुसरं कुठं?"

"काढ भिंत," वडील म्हणाले.

"काका, वरून—"

"वर कोण हाय ते आमीच बसवलंय. काढ."

ते मोठ्याने बोलले नव्हते, पण मी त्यांना आयुष्यात असं बोलताना पाहिलं नव्हतं. नगरसेवक संध्याकाळी स्वतः आले. गल्लीतून चालत आले तर दोन्ही बाजूंना निळी रेघ त्यांच्याबरोबर चालत होती आणि दारादारात बायका उभ्या होत्या. ते हुशार गृहस्थ आहेत. "गाळ्यांचं मला माहीतच नव्हतं," म्हणाले. भिंती दुसऱ्या दिवशी उतरल्या.

अभ्यासिका झाली. सगळंच जमलं असं नाही. जाळीतून कबुतरं आत आली, तिला आतून तार लावावी लागली. तिरपा पाऊस पश्चिमेच्या बाकांवर येतो, तिथे आता पावसाळ्यात ताडपत्री सोडतात आणि ती फडफडते. कमिटीने आपल्या छोट्या ऑफिसात एसी बसवलाच, आणि त्याचं बाहेरचं यंत्र नेमकं जिन्यात लावलं. चढणाऱ्याच्या तोंडावर झळ यायची. त्यावरून माझं आणि मामांचं महिनाभर वाजलं, मग ते यंत्र गच्चीवर गेलं. खालच्या मोकळ्या जागेत रिक्षा लागतात, हळदी होतात, कॅरम चालतो. एका पावसाळ्यात नाला आला, खांबांमधून फिरला आणि गेला. गल्लीतल्या काही घरांत त्याही वेळी पाणी शिरलं, कारण एका इमारतीने नाला सुधारत नाही. पण वर पुस्तकं कोरडी होती आणि नाल्याकाठची लेकरं त्या दोन दिवस तिथेच झोपली.

पुढे एका मोठ्या हॉटेलात आर्किटेक्ट लोकांची परिषद होती. मला अभ्यासिकेबद्दल बोलायला बोलावलं. हॉलमध्ये इतकी थंडी होती की बायका शाली पांघरून बसल्या होत्या. बोलून झाल्यावर एकाने माइक घेऊन कौतुकाने विचारलं, "कमी साधनांतली, गरिबांसाठीची वास्तू असं याला म्हणता येईल का?"

"नाही," मी म्हटलं. "याला नाशिकच्या उन्हात उभी राहणारी वास्तू म्हणता येईल. गरिबांसाठीची वेगळी काही नसते. तुमच्या इमारतीही याच उन्हात आहेत, फक्त तुमचं एसीचं बिल दुसरं कोणीतरी भरतं."

टाळ्या जेमतेम पडल्या. पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, असं म्हणणार नाही. थोडं वाटलं. पण पुन्हा कोणी विचारलं तर तेच वाक्य मी पुन्हा बोलेन.

वडील अजून येणाऱ्याजाणाऱ्याला अभ्यासिका दाखवतात. जिना चढताना दम लागतो, तरी वर नेतात. पाहुणा "गार आहे हो आत" म्हणाला की खूश होतात आणि लगेच सांगतात, "पोरीनं बांधलीय. पण म्होरं थोडी काच असती ना, तर उठून दिसली असती." आता मी वाद घालत नाही. काच मात्र लावू देत नाही.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी मी जाळीची तार बघायला तिथे गेले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी दारात पोचले आणि लाइट गेली. पंखे हळूहळू थांबले. मी थांबून बघत राहिले, आता कोण उठतं. एकाने मान वर करून पंख्याकडे बघितलं, कपाळ पुसलं आणि परत डोकं पुस्तकात घातलं. जाळीतून वारा येत होता, फार नाही, पानं हलतील एवढा. पन्नाशीकडे झुकलेली एक अंगणवाडीची बाई चष्मा लावून ओठांत काहीतरी पाठ करत होती. कोणीच उठलं नाही.

मला राहवेना. दाराजवळच्या बाकावर बसलेल्या मुलीला मी हळूच विचारलं, "गरम होत नाही ना फार?"

तिने मला ओळखलं नाही. ओठांवर बोट ठेवलं, समोरच्या 'शांतता राखा'च्या पाटीकडे मान वळवली आणि कुजबुजली, "ताई, बोलायचं असेल तर खाली जा."

मी खाली गेले.